उत्पत्ती १० मध्ये भाषा आधीच वेगवेगळ्या, मग ११ मध्ये "एकच भाषा" कशी?

वाचक_रूथ:

सर्वांना सलाम. आमच्या बायबल स्टडीत सध्या उत्पत्ती, म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक, चालू आहे. मागच्या वेळी दहावा अध्याय आला तर सगळे म्हणाले की ही नुसती नावं आहेत, पुढे जाऊ, आणि थेट अकराव्या अध्यायातल्या बाबेलच्या बुरुजावर गेलो (लोक आकाशापर्यंत बुरूज बांधायला घेतात आणि देव त्यांच्या भाषेचा घोटाळा करतो ती गोष्ट). मी नंतर एकटीने दहावा अध्याय सावकाश वाचला आणि तिथंच अडकून बसलेय.

दहाव्यात नोहाच्या शेम, हाम, याफेथ या तीन मुलांचे वंश दिलेत. १०:५ मध्ये याफेथाच्या वंशाबद्दल स्पष्ट लिहिलंय की ते आपापल्या देशात, आपापल्या भाषेप्रमाणे, कुळांप्रमाणे, राष्ट्रांप्रमाणे वेगळे झाले. हामाच्या वंशासाठी २० व्या वचनात तेच आणि शेमाच्या वंशासाठी ३१ व्या वचनात परत तेच. म्हणजे तीनदा सांगितलंय, चुकून आलेलं नाही. आणि लगेच ११:१ म्हणतं की सगळ्या पृथ्वीवर भाषा एकच होती. मग आधी काय झालं?

दुसरी गोष्ट जास्त मनाला लागलीय. ग्रुपमध्ये एक जण म्हणाला की वेगवेगळ्या भाषा म्हणजे देवाने दिलेली शिक्षा. हे खरं असेल तर मी ज्या भाषेत प्रार्थना करते, ज्या भाषेत आईने मला पहिलं स्तोत्र शिकवलं, ती भाषा पापाचं फळ आहे असं मानायचं का? मला ते पटत नाही पण उत्तर देता आलं नाही.

आणि तिसरं, तोच माणूस पुढे म्हणाला की हाम शापित होता म्हणून त्याच्या वंशातले काळे लोक गुलाम झाले. हे ऐकून तर मी सुन्नच झाले. असं खरंच शास्त्रात आहे का? कोणी नीट वाचलेलं असेल तर सांगा, आणि जगातल्या सगळ्या भाषा शेम, हाम, याफेथ अशा तीन गटांत बसतात का हेही सांगा.

जुना_करार_रोज:

रूथताई, सलाम. प्रश्न फार चांगला आहे आणि खूप जुना आहे, ज्यू रब्बींनी आणि मंडळीच्या सुरुवातीच्या शिक्षकांनी पण यावर लिहिलंय.

आधी क्रमाचं बघू. उत्पत्तीची सांगायची पद्धतच अशी आहे की आधी सगळा पसारा दाखवायचा आणि मग मागे येऊन त्यातली एक गोष्ट जवळून सांगायची. पहिल्या अध्यायात सगळी सृष्टी होते, माणूस पण होतो, आणि दुसऱ्या अध्यायात परत मागे जाऊन माणूस कसा घडवला ते सांगितलंय. तसंच इथे, दहावा अध्याय शेवटी काय झालं ते सांगतो आणि अकरावा ते कसं झालं ते सांगतो. तुम्ही १०:२५ बघा, एबराचा मुलगा पेलेग, त्याच्या दिवसांत पृथ्वीची विभागणी झाली असं लिहिलंय. बहुतेक अभ्यासक ही विभागणी म्हणजे बाबेलचीच मानतात (काही जण म्हणतात खंड वेगळे झाले, पण तसं म्हणायला त्या वचनात काहीच आधार नाही). आणि १०:१० मध्ये हामाचा नातू निम्रोद याच्या राज्याची सुरुवात शिनार देशातल्या बाबेलात झाली हे पण येऊन गेलंय. म्हणजे यादी लिहिणाऱ्याला पुढची गोष्ट माहीत होती, त्याने जाणूनबुजून ती नंतर ठेवली.

का ठेवली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एबराला दोन मुलगे, पेलेग आणि यक्तान. दहाव्या अध्यायात यक्तानाची १३ मुलं एकामागोमाग एक दिलीत आणि पेलेगचं नुसतं नाव घेऊन सोडून दिलंय. मग बुरुजाची गोष्ट येते. मग ११:१० पासून परत शेमाची वंशावळ सुरू होते आणि या वेळी ती पेलेगच्या बाजूने जाते, रऊ, सरूग, नाहोर, तेरह आणि अब्राम (पुढचा अब्राहाम). म्हणजे एकाच घराण्याच्या दोन फांद्या आणि बरोब्बर मध्ये बाबेल. बाबेलवाले म्हणतात चला आपण आपलं नाव करू (११:४), आणि १२:२ मध्ये देव अब्रामाला म्हणतो मी तुझं नाव मोठं करीन. आणि त्याच्या पुढच्याच वचनात पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होणार म्हणून सांगितलंय. कुठली कुळं? तीच, दहाव्या अध्यायातली. तुमचा ग्रुप जी यादी सोडून पुढे गेला ती यादी १२:३ चा पत्ता आहे असं समजा. म्हणून १० ते १२:३ एका बैठकीत वाचा, मध्ये थांबू नका.

भाषावेडा:

वरच्यांचं बरोबर आहे, मी भाषेच्या बाजूने सांगतो कारण माझा अभ्यास तोच आहे.

यादीतली नावं नीट बघा. कित्तीम, दोदानीम, लूदीम, कफतोरीम. हा जो शेवटचा "ईम" आहे तो इब्रीत (हिब्रूत) अनेकवचनाचा, म्हणजे ही एका माणसाची नावं नाहीत, लोकसमूहांची आहेत. कनानाच्या खाली यबूसी, अमोरी, गिर्गाशी, हिव्वी हे तर सरळ जमातींचे उल्लेख आहेत. सीदोन हे शहर आहे, समुद्रकाठचं फिनिकी लोकांचं. मिस्राईम म्हणजे मिसर (इजिप्त), कूश म्हणजे मिसरच्या दक्षिणेचा नाईलकाठचा प्रदेश, यावान म्हणजे ग्रीक, मादय म्हणजे मेदी लोक, गोमर म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून आलेले किमेरियन, कित्तीम म्हणजे सायप्रस. ज्याने हे लिहिलं त्याला आपल्या भोवतालचं जग पक्कं माहीत होतं. पूर्वेच्या एलामपासून (आजचा नैऋत्य इराण) पश्चिमेच्या तार्शीशपर्यंत, आणि उत्तरेच्या गोमरपासून दक्षिणेच्या शबापर्यंत. त्या पलीकडच्या लोकांबद्दल यादी गप्प आहे, म्हणून चिनी कोणाचे आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी कोणाचे असं यादीतून शोधायला जाऊ नये, लोक जातात आणि मग काहीही जोडतात.

आता तीन गट आणि भाषा. नाही बसत. कनान हामाचा मुलगा, पण कनानी लोकांची भाषा इब्रीच्या इतकी जवळ आहे की यशया १९:१८ मध्ये इब्रीलाच कनानाची भाषा म्हटलंय. उलट एलाम शेमाचा मुलगा, पण एलामी भाषेचं इब्री, अरामी, अक्कदी यांच्याशी काहीच नातं सापडत नाही, खरं तर कुठल्याच भाषेशी पक्कं नातं सिद्ध झालेलं नाही. शबा आणि हवीला ही नावं हामाकडे पण आहेत (१०:७) आणि शेमाकडे पण (१०:२८-२९). लिहिणाऱ्याच्या हे लक्षात आलं नसेल का? नक्कीच आलं असेल. त्याला भाषांचं वर्गीकरण करायचंच नव्हतं. कोण कुठे राहतं, कोणाचा कोणाशी राजकीय आणि घराण्याचा संबंध आहे हे तो सांगतोय.

"सेमिटिक" हा शब्द भाषांना लावला श्लोझर नावाच्या जर्मन इतिहासकाराने १७८१ मध्ये, म्हणजे बायबलमधलं नाव उचलून. मग पुढे "हॅमिटिक" आलं, आणि सुरुवातीला काहींनी युरोपच्या भाषांना "जाफेटिक" पण म्हटलं. १७८६ मध्ये विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं त्यानंतर भाषाकुळांचा अभ्यास वेगळ्या वाटेने गेला आणि आज हॅमिटिक हा गट भाषाशास्त्रात कोणी मानत नाही. पण ही नावं शास्त्रीय वाटतात म्हणून लोक अजून बायबल आणि भाषाशास्त्र यांची सरमिसळ करतात.

विश्वासू_वाचक_४२:

सलाम. मी थोडा वेगळा विचार मांडतो, रागावू नका. मी अकरावा अध्याय जसा लिहिलाय तसाच मानतो. खरी माणसं होती, खरा बुरूज होता, देवाने खरोखर एका वेळी भाषा वेगळ्या केल्या. नंतर त्या माणसांच्या नावाने लोकसमूह ओळखले गेले, यात अडचण काय आहे? इस्राएल हे पण आधी एका माणसाचं नाव होतं आणि मग राष्ट्राचं झालं. एदोमचं पण तसंच. आणि भाषावेडा सर, तुम्हीच म्हणताय की एलामीचं कुणाशीच नातं सापडत नाही. जुन्या इराकमधल्या सुमेरीचं पण नाही, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्कचं पण नाही. देवाने वेगवेगळी भाषाकुळं एकदम निर्माण केली असती तर असंच चित्र दिसलं असतं ना?

भाषावेडा:

विश्वासू दादा, रागवायचं काय त्यात. इस्राएलचं उदाहरण बरोबर आहे, माणसाचं नाव राष्ट्राला लागतं हे मला मान्य.

पण एकट्या पडलेल्या भाषांवरून पुरावा काढणं मला धोक्याचं वाटतं. आमची तुलना करायची पद्धत साधारण आठ-दहा हजार वर्षांच्या मागे चालतच नाही, शब्द इतके झिजतात की नातं असलं तरी दिसत नाही. त्यामुळे नातं सापडत नाही म्हणजे नव्हतंच असं होत नाही. उद्या एखादं नातं सापडलं तर तुमच्या युक्तिवादाला धक्का बसेल आणि बायबलला उगाच बोल लागेल. आणि कालगणनेचं बघा, सतराव्या शतकातल्या आर्चबिशप अशरने बायबलच्या वंशावळींवरून केलेल्या हिशोबाने जलप्रलय येतो इ.स.पू. २३४८ च्या आसपास आणि बाबेल त्याच्यानंतर. पण इ.स.पू. ३००० च्या आधीपासून मिसरमध्ये मिसरी आणि मेसोपोटेमियात (आजचा इराक) सुमेरी लिहिली जात होती, दोन्ही पूर्ण वेगळ्या भाषा, मातीच्या पाट्या आणि कोरीव लेख संग्रहालयांत आहेत.

विश्वासू_वाचक_४२:

अशरची तारीख मी पण धरून बसत नाही. वंशावळीत मधल्या पिढ्या सुटलेल्या असू शकतात. लूक ३:३६ मध्ये अर्पक्षद आणि शेलह यांच्यामध्ये केनान आहे, तो आपल्या इब्रीवरून आलेल्या उत्पत्ती ११ मध्ये नाही, पण जुन्या ग्रीक भाषांतरात आहे, आणि त्या ग्रीक भाषांतरात जलप्रलयापासून अब्रामापर्यंतची वर्षं पण कितीतरी जास्त आहेत. त्यामुळे तारीख मागे जाऊ शकते. पण घटना झाली यावर माझा विश्वास आहे, आणि एलामी-बास्कचा मुद्दा मी सोडतो, तुमचं म्हणणं रास्त आहे.

दीपा_वचनप्रेमी:

रूथ, तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर कोणीच आलं नाही म्हणून मी लिहिते, आणि याबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही हे आधीच सांगते.

उत्पत्ती ९:२५ उघड. शाप कोणाला आहे? कनानाला. हामाला नाही. २५, २६, २७ तिन्ही वचनांत नाव कनानाचं आहे. हामाला चार मुलगे, कूश, मिस्राईम, पूट आणि कनान. कूशाला कोणी शाप दिलेला नाही, मिस्राईमला नाही, पूटला नाही. आणि कनानी लोक आफ्रिकेतले नव्हते, ते यार्देनेपासून समुद्रापर्यंतच्या प्रदेशातले. शिवाय ९:१ मध्ये देवाने नोहा आणि त्याच्या मुलांना आशीर्वाद दिला, त्यात हाम होता. शापाचे शब्द नोहा बोलतो, झोपेतून जागा झाल्यावर. कातडीच्या रंगाचा एक शब्द पण त्या अध्यायात नाही. तरी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुलाम ठेवणाऱ्यांनी हाच अध्याय काढून पुलपिटवरून सांगितला आणि लोकांनी मान डोलावली. ज्यांच्या पाठीवर आसूड पडत होते त्यांना सांगायचं की हे देवाने ठरवलंय, याहून मोठी देवनिंदा कोणती असेल?

आता कूशी लोकांबद्दल बायबल प्रत्यक्षात काय सांगतं ते बघ. गणना १२ मध्ये मोशेची बायको कूशी होती म्हणून मिर्याम आणि अहरोन बोलायला लागले, तर कोड कोणाला उठलं? मिर्यामला, बर्फासारखं पांढरं. यिर्मया ३८ मध्ये संदेष्टा चिखलाच्या विहिरीत मरायला टाकलेला आणि त्याचे स्वतःचे लोक गप्प बसलेले, तेव्हा एबद-मलेख नावाचा कूशी माणूस राजाकडे जाऊन परवानगी आणतो, आणि दोराने काखेला कापू नये म्हणून जुन्या चिंध्या खाली सोडतो, त्या काखेखाली घ्यायला सांगतो. इतक्या घाईत त्याला हे सुचलं! पुढच्या अध्यायात देव त्याला नाव घेऊन सांगतो की तुला मी वाचवीन. प्रेषित ८ मध्ये फिलिप्प रथात बसून यशया समजावतो तो कूशी अधिकारी, आणि त्याचा बाप्तिस्मा कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्याही आधी झालाय. स्तोत्र ८७ मध्ये देव मिसर, बाबेल, पलेशेथ, सोर आणि कूश यांची नोंद सियोनेत जन्मलेले म्हणून करतो.

आणि कनानी लोकांचं सुद्धा शेवटचं वाक्य शाप नाही. राहाब यरीहोची कनानी होती, ती मत्तय १:५ मध्ये येशूच्या वंशावळीत आहे. त्या भावाला हे सगळं काढून दाखव, वाद न घालता, फक्त वाचायला लाव.

वाचक_रूथ:

दीपाताई, खूप आभार. एबद-मलेखच्या चिंध्या मी कधी लक्षात घेतल्याच नव्हत्या. भावाला वाचायला लावते.

पण शिक्षेचा प्रश्न राहिलाच आहे अजून. आणि अजून एक, मला कोणी तरी सांगितलं की राष्ट्रं ७० आहेत आणि त्याला काही अर्थ आहे, ते काय?

जुना_करार_रोज:

७० चं लगेच सांगतो. याफेथ १४, हाम ३०, शेम २६, निम्रोदला वेगळं मोजलं नाही तर बेरीज ७०. उत्पत्ती ४६:२७ मध्ये याकोबाच्या घराण्यातली मिसरात गेलेली माणसं पण ७०. अनुवाद ३२:८ मध्ये परात्पराने राष्ट्रांच्या सीमा इस्राएलाच्या संततीच्या संख्येप्रमाणे ठरवल्या असं आपल्या इब्री पाठात आहे, मृत समुद्राजवळ कुम्रानला सापडलेल्या एका जुन्या गुंडाळीत तिथे "देवाचे पुत्र" आहे आणि ग्रीकमध्ये "देवाचे दूत". ग्रीक भाषांतरात राष्ट्रं ७२ भरतात. आणि लूक १० मध्ये येशूने पाठवलेले शिष्य काही हस्तलिखितांत ७० आणि काहींत ७२! हा योगायोग नाही असं बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही तसंच वाटतं, कारण बारा शिष्य इस्राएलाच्या बारा वंशांसाठी आणि हे सगळ्या राष्ट्रांसाठी, लूकचा एकंदर सूर तोच आहे.

विटा_आणि_डांबर:

शिक्षेच्या प्रश्नावर मी लिहितो, हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. जरा लांब होईल.

भाषा वेगळ्या असणं हेच पाप किंवा शिक्षा असती तर दहाव्या अध्यायात ते तीनदा इतक्या शांतपणे आलं नसतं. तिथे रागाचा एक शब्द नाही. देवाने ९:१ मध्ये पृथ्वी भरून टाका म्हणून आशीर्वाद दिला आणि दहावा अध्याय म्हणजे ती भरली, आपापल्या देशात, आपापल्या भाषेत. अकराव्यात लोक काय म्हणतात ते नीट ऐका, "आपली पांगापांग होऊ नये". म्हणजे देवाने दिलेल्या आशीर्वादालाच ते घाबरतात आणि एका जागी जमून राहायला बघतात.

आणि ती जागा कोणती तर शिनार, म्हणजे खालचा मेसोपोटेमिया. तिथे दगड नाही, सगळा गाळाचा सपाट प्रदेश, म्हणून ११:३ मध्ये लिहिलंय की दगडाऐवजी भाजलेल्या विटा आणि चुन्याऐवजी डांबर. ही तपशिलाची गोष्ट आहे आणि ती खरी आहे, बाबेलच्या उत्खननात अशाच विटा डांबरात बसवलेल्या निघाल्या. बाबेलचा जो मोठा झिगुरात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा मंदिर-बुरूज होता, एतेमेनांकी, त्याचा पाया चौरस आहे, एक बाजू साधारण ९१ मीटर. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने तो परत बांधून पुरा केला आणि त्यासाठी जिंकलेल्या देशांतून माणसं आणून राबवली, हे त्याने स्वतःच लेखात अभिमानाने कोरून ठेवलंय. उत्पत्तीतला बुरूज हाच असं मी म्हणत नाही. पण यहूदी लोक बंदिवासात बाबेलला होते तेव्हा ही गोष्ट वाचताना त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते कळतं.

अजून एक. अश्शूरचा राजा दुसरा सर्गोन, इ.स.पू. ७२२ ते ७०५, हाच तो ज्याचं नाव यशया २०:१ मध्ये आहे. त्याने नवी राजधानी बांधली दूर-शार्रुकीन, आणि तिथल्या लेखात लिहिलं की चारी दिशांचे, परक्या भाषांचे, न जुळणाऱ्या बोलींचे लोक मी "एका तोंडाचे" केले आणि इथे वसवले. म्हणजे त्या काळी "सगळे एका भाषेचे" ही सम्राटांची बढाई होती. हरलेल्यांनी आपली बोली सोडायची, आपलं नाव सोडायचं आणि राजाच्या विटा भाजायच्या.

हे डोक्यात ठेवून दानीएल ३ वाचा. परत बाबेल, परत मैदान, परत उंच काहीतरी उभारलेलं, साठ हात उंच मूर्ती. आणि भालदार ओरडतो, लोकांनो, राष्ट्रांनो, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांनो, वाद्यं वाजली की सगळ्यांनी खाली पडायचं. भाषा वेगळ्या असल्या तरी कृती एकच हवी. तीन तरुण उभे राहतात. आणि दानीएल १:२ मध्ये त्या देशाचं नाव शिनार दिलंय, तो जुना शब्द मुद्दाम वापरलाय असं मला ठाम वाटतं.

म्हणून मी अकराव्या अध्यायाला नुसती शिक्षा म्हणत नाही. गर्व मोडला, हा न्याय आहेच, ते मी नाकारत नाही. पण त्याच न्यायामुळे सगळी माणसं एका बुरुजाखाली, एका माणसाच्या हुकमाखाली अडकली नाहीत. देवाने त्यांना मारलं नाही, पूर पाठवला नाही, बुरूज पाडला सुद्धा नाही, फक्त पांगवलं, म्हणजे जिथे जायला आधी सांगितलं होतं तिकडेच पाठवलं.

आणि पेंटेकॉस्टला, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, देव काय करतो बघा. प्रेषित २ मध्ये यरुशलेमेत पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमिया, कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया, मिसर, लिबिया, रोम, क्रेत, अरबस्तान इतक्या ठिकाणचे लोक जमलेत. त्यांतल्या बहुतेकांना ग्रीक किंवा अरामी येत होती, पेत्र नंतर उभा राहून एकाच भाषेत बोलतो आणि सगळ्यांना समजतं. मग त्या चमत्काराची गरजच काय होती? निरोप पोहोचवायला गरज नव्हती. तरी पवित्र आत्म्याने प्रत्येकाला त्याच्या जन्मभाषेत ऐकवलं. भाषा ही शिक्षा असती तर ती उठवायचा याहून चांगला दिवस कोणता होता? सगळ्यांना एक भाषा देता आली असती, पण तसं केलं नाही. एलामी माणसाने एलामी ऐकली. आणि एलाम, मादय ही नावं थेट दहाव्या अध्यायातली.

प्रकटीकरण ७:९ मध्ये सिंहासनापुढे सगळी राष्ट्रं, वंश, लोक आणि भाषा उभ्या आहेत. हे दर्शन पाहणाऱ्या योहानाला ते वेगळे ओळखू आले म्हणजे तिथेही ते वेगळेच आहेत. रूथताई, आईने शिकवलेलं स्तोत्र तुम्ही तिथेही म्हणाल असं मी मनापासून मानतो.

विश्वासू_वाचक_४२:

विटा दादा, पेंटेकॉस्टचा मुद्दा मला पूर्ण पटला. फक्त एक भर घालतो, सफन्या ३:९ मध्ये देव लोकांचे ओठ शुद्ध करील म्हणजे ते सगळे एकचित्ताने त्याची सेवा करतील असं आहे. काही जण याचा अर्थ शेवटी परत एकच भाषा होणार असा लावतात. मला वाटतं तिथे बोलणाऱ्यांचं मन शुद्ध होण्याची गोष्ट आहे, कारण पुढच्याच वचनात कूश देशाच्या नद्यांपलीकडून लोक अर्पण घेऊन येताना दिसतात.

वाचक_रूथ:

मला आज रडू आलं वाचताना, खरंच. शेवटचं एक विचारते, मग तुम्हाला त्रास नाही देत. बाबेलच्या आधी जी एक भाषा होती ती इब्री होती का? ग्रुपमध्ये सगळे तसंच धरून चालतात.

भाषावेडा:

त्रास कसला. शास्त्र हे कुठेच सांगत नाही. पण मंडळीत हे मत फार जुनं आहे. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने लिहिलं की बाबेलला बाकीच्यांच्या भाषा बदलल्या पण एबराच्या घराण्यात मूळ भाषा टिकली, आणि आधी ती एकटीच होती म्हणून तिला वेगळं नाव नव्हतं, नंतर एबरावरून इब्री म्हणायला लागले. बरीच शतकं पश्चिमेकडे हेच शिकवलं गेलं.

पण त्याच्या थोडं आधी, चौथ्या शतकात, निस्साचा बिशप ग्रेगरी वेगळं सांगत होता. त्याचं म्हणणं की देवाने माणसाला बोलायची आणि समजायची शक्ती दिली, शब्द मात्र माणसांनीच घडवले, देव काही मास्तरासारखा बसून एकेक शब्द शिकवत नव्हता. बाबेलला सुद्धा देवाने लोक वेगळे केले आणि आपापली बोली घडवायला त्यांना मोकळं सोडलं असं तो म्हणतो, आणि इब्री ही काही सगळ्यात जुनी भाषा नाही असं जाणकारांचं मत त्याने नोंदवलंय.

दोघंही मंडळीचे मान्य शिक्षक, दोघंही त्रैक्यावर ठाम, आणि या प्रश्नावर दोन टोकांना. आज लेखांवरून एवढं नक्की सांगता येतं की इब्री ही कनानी बोलींच्या कुटुंबातली आहे, आणि सुमेरी, मिसरी, अक्कदी यांचे लेख इब्रीच्या कितीतरी आधीचे आहेत. आदाम काय बोलत होता ते उत्पत्ती सांगत नाही. २:१९ मध्ये एवढंच आहे की देवाने प्राणी त्याच्यापुढे आणले आणि तो त्यांना काय नाव देतो ते बघितलं, आणि आदामाने जे नाव दिलं तेच त्यांचं नाव झालं. ग्रुपमध्ये इब्रीचा विषय निघाला तर हे वचन वाचा, ग्रेगरीच्या बाजूने मला सगळ्यात भक्कम तेच वाटतं.